चार दिवस मागेपुढे

कोकणात पाऊस पडेल की नाही, याची चिंता आमच्या वाडवडिलांनी कधी केली नाही आणि आम्हीही करत नाही. तो पडतो. इतका पडतो की जुलैच्या मध्यावर घरातली आगपेटी, मीठ, पापड आणि माणसं यांत फारसा फरक उरत नाही; सगळंच सादळलेलं असतं. तरीही एप्रिल उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पावसाची जेवढी चर्चा होते, तेवढी राजस्थानातही होत नसेल. राजस्थानात पावसाची वाट बघतात. आम्ही त्याच्याशी तारीख ठरवायला बसतो.

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला हवामान खातं दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन यंदा देशात सरासरीच्या किती टक्के पाऊस पडणार ते सांगतं. २०२५ साली १५ एप्रिलला त्यांनी १०५ टक्के सांगितला होता. त्यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हेही खातं प्रामाणिकपणे खाली लिहितं. त्या आकड्यावर मोठ्या शहरांत अग्रलेख लिहिले जातात, ट्रॅक्टर विकणारे खूश होतात, अर्थतज्ज्ञ महागाईबद्दल बोलू लागतात. आमच्या बंदरावरच्या टपरीत मात्र तोच पेपर वाचून झाला की एखादा जुना तांडेल विडी विझवत विचारतो, "ता ऱ्हवांदे. येतलो कधी?"

प्रश्न रास्त आहे. देशाची चार महिन्यांची सरासरी ८७ सेंटीमीटर. एवढा पाऊस आमच्याकडे जुलै लागून फार दिवस होत नाहीत तोवर पडून गेलेला असतो. पुढचा सगळा वरकड. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथे पाच टक्के कमी झाला काय आणि जास्त झाला काय, भिंतीवरची ओल तेवढीच वर चढते. खातं सांगतं 'किती' आणि कोकण विचारतं 'कधी'. खात्याची स्थापना १८७५ सालची, म्हणजे हा संवाद दीडशे वर्षं चाललाय आणि दोन्ही बाजू आपापल्या मुद्द्यावर ठाम आहेत.

अंदाजांचा हंगाम तसा त्याच्याही आधी, मार्च सरता सरताच सुरू होतो. एप्रिल ते जून हा उन्हाळा कसा जाणार, उष्णतेच्या लाटा किती येणार, याचं एक पत्रक निघतं. त्यात आमच्या वाट्याला येणारं वाक्य ठरलेलं असतं : हवामान उष्ण व दमट राहील. हे वाचून नागपूरचे पाहुणे हसतात. खात्याच्या नियमाप्रमाणे सपाटीच्या प्रदेशात पारा ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत; किनाऱ्यावर मात्र ३७ पुरतात, फक्त ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले पाहिजेत. ही तीन अंशांची सवलत मिळवायला कोकणातल्या एकाही आमदाराला उपोषणाला बसावं लागलं नाही, हे विशेष. नागपूरकर पंचेचाळीस अंशांत वाढलेला असतो. तो मालवणात उतरतो, चौतीस अंश बघतो, "हे काय ऊन आहे का भाऊ?" म्हणतो आणि अर्ध्या तासाने बनियनवर पडवीत बसून कोणाशीही बोलेनासा होतो. त्याच्याकडे घाम येतो आणि वाळतो. आमचा घाम येतो तो मेच्या सुट्टीत आलेल्या चाकरमान्यासारखा, जून लागेपर्यंत हलत नाही.

आता या 'कधी'चं एवढं महत्त्व का, ते कळायला मेच्या शेवटच्या आठवड्यात वाडीत यावं. अख्खं वर्ष त्या आठ दिवसांत कोंबलेलं असतं. घरावर एक माणूस चढून कौलं परतत असतो. निम्मी कौलं वर, निम्मी अंगणात. तो उंचावर असल्यामुळे दर दहा मिनिटांनी खालून कोणीतरी त्याला ढगांबद्दल विचारतं, आणि तो मजुरी कौलांची घेत असला तरी अंदाज फुकट देतो. अंगणात उरलेल्या जागेत आमसुलं, फणसाची साठं, आंबापोळी, कुळीथ, मिरच्या आणि एका कोपऱ्यात वाऱ्याची दिशा बघून पसरलेला सुका जवळा. दिशा बघायची ती पावसासाठी नव्हे, शेजाऱ्यांसाठी. या सगळ्यावर काठी घेऊन एक आजी. आगोटीची बेगमी म्हणजे चार महिने पुरेल एवढं सगळं पहिला थेंब पडायच्या आत घरात गेलं पाहिजे. पहिला थेंब कधी पडणार, ते आजीला ठाऊक असतं, पण ती सांगत नाही. सांगितलं तर सुना दुपारच्या झोपतील.

गंमत अशी की तारीख सगळ्यांनाच हवी असते, पण एकच तारीख कोणालाच नको असते. आंबेवाल्याचा हापूस अजून झाडावर असतो. एक वळीव जोरात झाला की फळ डागाळतं आणि गळतं, म्हणून त्याला १० जूनच्या आत आभाळात ढगही बघवत नाही. ट्रॉलरवाल्याला ३१ मेपर्यंत समुद्र निवांत हवा, कारण १ जूनपासून दोन महिने यांत्रिकी मासेमारीला बंदी आणि शेवटच्या फेऱ्यांत डिझेलची उधारी फिटायची असते. धूळवाफेवर भात पेरून मोकळा झालेल्याला पेरणीनंतर लगेच चार सरी हव्यात, नाहीतर दाणे पाखरं नेतात. ज्याची विहीर तळाला गेली आहे त्याला पाऊस आज दुपारी हवा असतो. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात मे महिन्यात टँकर फिरतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आपली चेष्टा चालली आहे असं समजतो. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, ते जसं येतं तसं समुद्राला जाऊन मिळतं. कोकणातून मुंबईला जाणाऱ्या तरुणांइतकीच त्याला घाई असते. लग्नघराला मांडव उतरेपर्यंत पाऊस नको. मुंबईच्या चाकरमान्याची तर अपेक्षा फारच नेमकी. आंब्याच्या पेट्या बांधून झाल्या, परतीच्या गाडीचं आरक्षण हातात आलं, की आदल्या संध्याकाळी सहा ते सव्वासहा पडवीतून व्हिडिओ काढता येईल एवढाच पाऊस पडावा आणि पहाटे रस्ता कोरडा असावा.

बहुतेक वेळा हे सगळे एकच गृहस्थ असतात. दहा कलमं, बोटीत चार आणे हिस्सा, दोन कुणगे भातशेती, आटलेली विहीर, मुलीचं लग्न आणि मुंबईहून आलेला भाऊ. अशा माणसाने हवामानाकडे काय मागावं? तो देवळात जातो, नारळ ठेवतो आणि मानकऱ्याकडून गाऱ्हाणं घालून घेतो.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान जो काय नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पाऊस वेळेर पाड, पण आंबो उतारल्याबिगर पाडू नको. बावीत पाड, खळ्यात पाडू नको. कुणग्यात पाड, मांडवार पाडू नको. आणि दर्याक एकतीस तारखेपर्यंत गप ऱ्हवाक सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवाला जागा सांगून पाऊस मागण्याची ही पद्धत हवामान खात्यापेक्षा फार पुढची आहे. खातं अजून 'कोकण व गोवा' या एकाच विभागाला पाऊस देतं. डहाणूपासून काणकोणपर्यंत एकच विभाग. नुसता महाराष्ट्राचाच किनारा आम्ही शाळेत ७२० किलोमीटर म्हणून पाठ केलेला. जिल्ह्याजिल्ह्याचे इशारे निघतात, नाही असं नाही. पण बातमीत ऐकू येतं ते हेच, की कोकण-गोव्यात तुरळक ठिकाणी पाऊस. खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. ती केंद्रं कोणती, हे पाऊस पडून गेल्यावर कळतं. डहाणूत शिंतोडे आले तरी अंदाज खरा आणि काणकोणात आले तरी खरा. मधल्या आजीने जवळा आत नेला, संध्याकाळपर्यंत ऊन कडकडीत राहिलं, तर ती ज्या शब्दांत खात्याची आठवण काढते ते खात्याच्या कुठल्याच तक्त्यात बसणारे नाहीत.

त्यातून हे दीर्घ मुदतीचे अंदाज तयार करणारी मंडळी बसतात पुण्यात. पुण्याहून आलेलं मत असल्यामुळे त्यावर उलट प्रश्न विचारायची सोय नाही. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. तिथे सफरचंदं मिळत असतील म्हणून शोधत गेलेले लोक मी पाहिले आहेत. हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं, ते १९२८ साली पुण्यात आलं; पुढे तेही दिल्लीला गेलं, पण चौक सिमल्याचाच राहिला. साहेबाच्या काळात एवढ्या थंड हवेच्या ठिकाणी बसून मालवणच्या उकाड्याचा अंदाज बांधायचे, याचं मला कौतुक वाटतं.

त्या काळातला पहिला मोठा अंदाज बांधणारा ब्लॅनफर्ड. त्याने हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अदमास घ्यायला सुरुवात केली. हिमालयात बर्फ जास्त, तर पाऊस कमी, असा त्याचा साधारण हिशेब. त्याचा पहिला रीतसर अंदाज निघाला ४ जून १८८६ रोजी. ४ जूनला! तोवर आमच्या पणजोबांनी होड्या वर ओढून, झापांनी शाकारून, सुक्या बांगड्याचं मडकंही उघडलं असेल. नंतर १९०४ साली आला गिल्बर्ट वॉकर. हा मूळचा गणिती आणि बूमरँग कसं फिरून येतं यावर अभ्यास केलेला. फेकलेली वस्तू फेकणाऱ्याच्याच डोक्यावर येते, हे शास्त्र ज्याला अवगत आहे असाच माणूस हवामान खात्यावर नेमला पाहिजे, हे इंग्रजांना कळलं होतं. वॉकरने कारकुनांच्या फौजा बसवून जगभरचे हवेचे दाब, पाऊस आणि तापमान यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि पॅसिफिक महासागराच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका शोधून काढला. आज टपरीवर जो तो 'एल निनो' म्हणतो, त्याच्या मुळाशी वॉकरचा हाच झोका आहे. पेरूच्या किनाऱ्यावर पाणी तापलं की भारतात पाऊस रोडावण्याचा संभव. आमच्या वाडीत पेरू देश नकाशावर दाखवू शकणारे दोघेतिघे असतील, पण तिथल्या पाण्याच्या तापमानाबद्दल मत सगळ्यांना आहे.

इतकं करूनही तारखेचा प्रश्न राहतोच. तो सोडवायला गावात जे तज्ज्ञ आहेत त्यांतला सर्वांत आदरणीय म्हणजे तांडेल. बोटीचा कप्तान. तो समुद्राकडे बघतो आणि काही बोलत नाही. फारच आग्रह केला तर "लागान येता हा, पण भरवसो नाय," एवढं म्हणतो. या वाक्यामुळे चाळीस वर्षांत त्याचा एकही अंदाज चुकलेला नाही. पण त्याला खरंच कळतं. मेच्या उत्तरार्धात पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, मंदावतो. नैर्ऋत्येचा जोर वाढला की तो पुरता बंद पडतो. वारा नाही आणि तरी किनाऱ्यावर जाड, लांब लाट यायला लागली तर दूर दक्षिणेला काहीतरी शिजतंय, हे तो ओळखतो. कारण वादळात उठलेली लाट वादळाच्या आधी घरी पोचते. हैदराबादला 'इन्कॉइस' नावाची सरकारी संस्था आहे. ती उपग्रह, समुद्रात सोडलेले तरंगते बोये आणि संगणक वापरून लाटांची उंची दशांश चिन्हापर्यंत सांगते. संदेश मोबाइलवर येतो : लाटा ३.१ ते ३.८ मीटर. तांडेल चष्मा वर करून तो वाचतो, मग समुद्राकडे बघतो आणि म्हणतो, "बरोबर सांगतत." हैदराबादला समुद्र नसताना त्यांनी हे ओळखलं, याचं त्याला अपार कौतुक.

दुसरे तज्ज्ञ पंचांगवाले. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर. गाढव, कोल्हा, मेंढा आले तर यथातथा. मोर, घोडा, उंदीर यांच्याबद्दल दर घरात वेगळं मत. हे वाहन नक्षत्रं मोजून आणि नवाने भागून निघतं, म्हणजे पद्धत गणितीच आहे, वॉकरच्या वरताण. शिवाय तिला यंत्रसामग्री लागत नाही आणि पाच टक्के इकडेतिकडेची पुरवणीही नसते. मृगाचं वाहन गाढव निघालेलं असताना मालवणात शंभर मिलिमीटर कोसळला तर पंचांग बघणारे बिचकत नाहीत. गाढवाने लाथ मारली म्हणतात.

तिसरा गट तरुण मुलांचा. यांच्या मोबाइलवर नकाशे असतात, त्यांवर वाऱ्याच्या रेघा सरपटतात आणि अरबी समुद्र हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत रंग बदलतो. पूर्वी वाडीत दोन तट असायचे ते देवळाच्या मानावरून. आता युरोपचं मॉडेल मानणारे आणि अमेरिकेचं मॉडेल मानणारे असे दोन आहेत. अमेरिकेचं मॉडेल सोळा दिवस पुढचं दाखवतं आणि मे महिन्यात वरचेवर अरबी समुद्रात एखादं चक्रीवादळ जन्माला घालतं. त्यातली बरीच बारशाच्या आधीच विरतात. पण तोवर त्याचं चित्र मुंबईतल्या मावशीपर्यंत पोचलेलं असतं आणि मावशीचा फोन येतो : "तिकडे वादळ आहे ना रे? खिडक्या लावून घ्या." इकडे आम्ही घामाने निथळत, एकही पान हलत नसलेल्या माडाखाली बसून तिला सांगतो की वादळ अजून यायचं आहे, ते पुढच्या बुधवारचं आहे.

वादळांच्या बाबतीत मात्र चेष्टा थोडी बाजूला ठेवावी लागते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते सिंधुदुर्गापासून वर किनाऱ्याला घासत गेलं. झाडावरचा हापूस एका रात्रीत जमिनीवर आला. दोन्ही वेळा खात्याने आधी सांगितलं होतं, बोटी परत बोलावल्या होत्या. पावसाची तारीख सांगण्यात खातं अजून आमच्या आजीच्या मागे असेल; चक्रीवादळाचा मार्ग सांगण्यात ते आता कोणाच्याही मागे नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की आज एकही शहाणा तांडेल वाद घालत नाही. पूर्वी बावटा बघून "सरकार भियाता" म्हणणारी मंडळी होती. हे बावटे एकपासून अकरापर्यंत असतात. दहा म्हणजे महाधोका आणि अकरा म्हणजे वादळाचा इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. अकरा नंबर लागल्यावर तो बावटा बघायला बंदरावर कोण थांबणार, हा प्रश्न मी एका बंदर कर्मचाऱ्याला विचारला होता. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघून "मीच," असं उत्तर दिलं.

तर मान्सून. तो आला हे ठरवायचं केरळात. त्यासाठी १४ केंद्रं नेमलेली आहेत, मिनिकॉयपासून मंगळूरपर्यंत. १० मेनंतर त्यांतल्या ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडला पाहिजे, पश्चिमेचे वारे ठरावीक उंचीपर्यंत आणि ठरावीक वेगाने वाहत असले पाहिजेत आणि जमिनीकडून आकाशात निघून जाणारी उष्णता ठरावीक आकड्याच्या खाली उतरली पाहिजे. मुलीचं लग्न ठरवताना एवढ्या गोष्टी कोणी बघत नाही. अडीच मिलिमीटर म्हणजे किती? आमच्याकडे एवढ्याने कौलावरचं शेवाळही ओलं होत नाही. पण नियम तो नियम. केरळची सर्वसाधारण तारीख १ जून, तिथून तो वर सरकत मुंबईला ११ जूनला पोचणं अपेक्षित. मधल्या कुठल्यातरी दिवशी आमच्या दारावरून जातो. केरळची तारीख खातं मेच्या मध्याच्या सुमारास जाहीर करतं आणि पुढे लिहितं : चार दिवस मागेपुढे. हे चार दिवस वाचून तांडेलाचा चेहरा खुलतो. त्याच्या 'भरवसो नाय'ला सरकारी मान्यता मिळालेली असते.

२०२५ साली या सगळ्याची परीक्षा झाली. खात्याने केरळसाठी २७ मे सांगितला होता, चार दिवस मागेपुढे. तो आला २४ मेला. म्हणजे अंदाज खरा. २००९ नंतर इतक्या लवकर तो केरळात आला नव्हता. पण नेहमी तो केरळातून आमच्याकडे यायला पाच-सहा दिवस घेतो, वाटेत गोव्यात रेंगाळतो. त्या वर्षी तो दुसऱ्याच दिवशी देवगडात होता आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईत मेच्या २९ तारखेच्या आधी तो आल्याची नोंद १९५० पासून नव्हती. खरं तर त्याच्याही आधी आठवडाभर दक्षिण कोकणच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा येऊन बसला होता आणि पाऊस चालूच होता. मान्सून आला तेव्हा आम्ही आधीच भिजलेले होतो. त्याचं स्वागत करायला कोरडा माणूस मिळेना.

त्या आठवड्याचं वर्णन काय करावं! कौलं परतणाऱ्याने निम्मी परतली होती. घर दोन भागांत विभागलं गेलं. परतलेल्या कौलांखाली वडीलधारी मंडळी आणि धान्य, न परतलेल्यांखाली मुंबईचे पाहुणे आणि पातेली. आंबेवाले झाडाखाली उभे राहून वर बघत होते. आमसुलं चुलीवर टांगून वाळवायचे प्रयोग झाले; त्या वर्षीच्या सोलकढीला धुराचा वास होता आणि पाहुण्यांनी ती मुद्दाम तशी केली असावी समजून कृती विचारली. खळ्यातला जवळा पडवीत आला, पडवीतला माजघरात आला, माजघरातला... पण ते राहू दे. लग्नाच्या मांडवात भटजींनी छत्री धरून मंगलाष्टकं म्हटली आणि 'सावधान'ला सगळ्यांनी वर बघितलं.

बंदरावर तर कायद्यानेच विनोद केला. मासेमारीबंदी १ जूनपासून. ३१ मेपर्यंत समुद्रात जायला सरकारची पूर्ण परवानगी, आणि त्याच सरकारच्या हवामान खात्याचा इशारा, की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. एका खात्याने दार उघडं ठेवलेलं आणि दुसऱ्याने दारात उभं राहून अडवलेलं. शेवटच्या फेऱ्या गेल्या, डिझेलची उधारी राहिली, नेपाळी खलाशी ठरल्याच्या आधीच गावाला जायच्या गाडीत बसले. मग १ जून उजाडला, बंदी सुरू झाली आणि मान्सून पंधरवडाभर जागच्या जागी थांबला. त्यानंतरच्या कित्येक दिवसांत समुद्र असा काही शहाण्यासारखा वागत होता, की बोटी वर ओढून बसलेल्या नाखव्यांना त्याच्याकडे बघवेना. बंदी ६१ दिवसांची. ती पाऊस लवकर आला म्हणून लवकर सुटत नाही. ती संपल्यावर १ ऑगस्टलाच जायचं की नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच जायचं, यावर दरवर्षी स्वतंत्र भांडण असतं. त्याला हवामानाशी काही देणंघेणं नाही.

हिशेबाची गोष्ट याहून मजेशीर. खात्याच्या वह्यांमध्ये मान्सूनचा हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असा बांधलेला आहे. त्यामुळे २४ मेला रीतसर घोषणा होऊन आलेला मान्सून ३१ मेपर्यंत जे काही कोसळला, ते सगळं मान्सूनपूर्व पावसाच्या खात्यात गेलं. पाऊस मान्सूनचा, वारे मान्सूनचे, ढग मान्सूनचे, नोंद मात्र पूर्वपावसाळ्याची. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात देशाच्या तक्त्यात पावसाची चक्क तूट दिसत होती. तूट! इकडे माझ्या कपाटातल्या कोटाला बुरशी येऊन त्यावर दुसरी पिढी नांदत होती. शेवटी सप्टेंबरअखेर देशात १०८ टक्के पाऊस झाल्याचं जाहीर झालं. एप्रिलमधल्या १०५ ला पाच टक्क्यांची मुभा होतीच, त्यामुळे तोही अंदाज खरा ठरला. त्या वर्षी खात्याचे सगळे अंदाज खरे ठरले आणि आमचं एकही काम वेळेत झालं नाही.

एक प्रश्न मात्र त्या वर्षी खरोखर गंभीर झाला, तो कोंबड्याचा. कोकणात मिरग लागला की घरोघरी कोंबडा शिजतो, वडे होतात. मिरग म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दिवस, ७ किंवा ८ जून. नेहमी पाऊस आणि पंचांग इतके आसपास येतात, की कोंबडा नेमका कोणाच्या मानाचा, असं विचारायची वेळ येत नाही. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन बसला आणि मिरगाला पंधरा दिवस बाकी. वाडीत रीतसर बैठक झाली. पाऊस आला म्हणजे मिरग आला, शेतकऱ्याचा मिरग आभाळात असतो, असा एक पक्ष. तारीख ती तारीख, सूर्य काही कमी दाबाच्या पट्ट्यामुळे लवकर सरकत नाही, असा दुसरा. युरोपच्या मॉडेलवाल्या मुलांनी पहिल्या पक्षाला पाठिंबा दिला, कारण त्यांना भूक लागली होती. वयोवृद्धांनी पंचांग उघडलं. तांडेलाला विचारलं तर तो म्हणाला, "दोन्ही कापा. भरवसो नाय."

शेवटी तसंच झालं. एक कोंबडा खात्याच्या तारखेला, दुसरा पंचांगाच्या. जूनमध्ये पाऊस थांबल्यावर तिसऱ्याचीही सूचना आली होती, पाऊस परत यावा म्हणून. पण ती बायकांनी हाणून पाडली. गावठी कोंबडी विकणाऱ्याने मात्र २२ मेलाच भाव वाढवले होते. त्याला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "माका खंय कळाक? तुमी सगळे टपरीर बसान बोलतास ता आयकतंय."